बिनक्लचच्या गाडीचे तेल

मोताळ्याचे मिस्त्री मोटारीला हात लावण्याआधी पांढरे फडके मागत. गिअरच्या पेटीतल्या तेलाचा एक थेंब ते फडक्यावर सोडत, तो पसरेपर्यंत बिडी ओढत आणि मग फडके नाकाशी नेत. एवढे झाल्याशिवाय मालकाची तक्रार ते ऐकून घेत नसत. "तुमचं मंग सांगा. आधी गाडी काय म्हनते ते पाहू द्या," असे म्हणत.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि आमचे सरकारी कागद नागपूरला जात. बुलढाण्याला रेल्वे नव्हती. मलकापूरला आगगाडीतून उतरलेला माणूस प्रवासी नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीने मोताळ्याला येई आणि पुढे राजूरचा घाट चढे. घाटाआधी मोटारी मिस्त्रींच्या टिनाच्या छपराखाली थांबत. मी एका साप्ताहिकाचा बातमीदार होतो. महिन्यातून दोनतीनदा त्या छपराखाली माझा तास-दीड तास जाई.

छपराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तार बांधलेली होती. तिच्यावर ती फडकी टांगलेली असत. प्रत्येकावर शिसपेन्सिलीने गाडीचा नंबर आणि महिना लिहिलेला असे. मिस्त्री चौथीपर्यंत शिकले होते आणि अक्षर मोठे, सुटे काढत. एकाच गाडीची चार-पाच फडकी ओळीने पाहिली की ती गाडी कशी म्हातारी होत गेली ते दिसे. ती फडकी मिस्त्रींच्या जुन्या धोतरांची होती. त्यांची बायको ती सोड्याच्या पाण्यात उकळून, वाळवून, वीतभर मापाने फाडून ठेवी. मूलबाळ नव्हते. मोताळ्यात दोघांचे दुसरे कोणी नव्हते. वहिनी मला भाऊ म्हणत आणि चहा देताना नवऱ्याची तक्रार करत. "भाऊ, याह्यले इचारा, माह्या तोंडाकडं कवा इतकं निरखून पाह्यलं का, जेवढं त्या डागाकडं पाह्यतात?" मिस्त्री वर न बघता म्हणत, "तुह्यात बिघाड असन तं पाहीन ना!"

तालुक्यात बिनक्लचची एकच गाडी होती. मलकापूरच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेटजींनी ती दुसऱ्या लढाईनंतर मुंबईहून जुनी विकत आणली होती. अमेरिकन गाडी. तिला पायाने दाबायचा क्लचच नव्हता. गिअर आपोआप पडत. लोक ती बघायला जमत. त्या पेटीचे काम कोणी मिस्त्रींना शिकवले नव्हते. त्यांनी ती एकदा उघडून, सगळे सुटे भाग बाजेवर मांडून, पुन्हा जोडली होती.

तिच्या तेलावरून शेटजींचा आणि त्यांचा वाद दोन वर्षे चालला. मुंबईच्या दुकानदाराने शेटजींना सांगितले होते की तेल बदलले पाहिजे. त्यांनी नव्या तेलाचे सीलबंद डबेही मागवून मिस्त्रींच्या फळीवर आणून ठेवले होते. मिस्त्री त्यांना हात लावत नसत.

"मिस्त्री, तेल काळं झालं. बदला ना आता."

"नाई बदलत, शेटजी."

"अरे, काऊन पण?"

"या पेटीतल्या चकत्या तेलात राहून एकमेकीले धरतात. त्या झिजल्या. त्याह्यची भुकटी या तेलातच आहे, तिच्याच जोरावर त्या धरून राह्यल्या. नवं तेल घातलं तं सारं धुऊन नेईन. मंग इंजिन बोंबलन अन् गाडी जागची हालनार नाई."

"म्हणजे कधीच बदलायचं नाही?"

"पहिल्यापासून बदलत असते तं मीच बदललं असतं. आता टायम गेला. कमी झालं तं थोडं वरून टाकीन. जळका वास आला तं मंग काहीच उपेग नाई. आज वास नाई. चालून राह्यली ना? चालू द्या."

शेटजी हसून म्हणत, "माझ्यापेक्षा तुमचीच गाडी आहे ही." आणि गाडी चालत राहिली.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला वहिनींच्या पोटात गाठ निघाली. बुलढाण्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेसाठी गुरुवार दिला आणि तोवर धक्का लागू देऊ नका, असे बजावले. सर्व्हिस मोटारीचा बाक त्यांना सोसणार नाही म्हणून मिस्त्रींनी शेटजींना शब्द टाकला. शेटजींनी गाडी मंगळवारीच पाठवून दिली.

बुधवारी दुपारी मी मोताळ्याला उतरलो तेव्हा मिस्त्री गाडीखाली होते. बाजूला तुपाचा रिकामा डबा होता आणि त्यात काळे तेल उतरत होते. फळीवरचे सीलबंद डबे फोडलेले होते. मी विचारले, हे काय? ते गाडीखालूनच बोलले, "इतके दिवस चालून राह्यली ते ठीक. पन उद्या ती बसनार आहे ना गाडीत. उद्या काही कमी नको राह्यले." बाहेर आल्यावर त्यांनी नव्या तेलाचा थेंब फडक्यावर, जुन्या तेलाच्या काळ्या डागाशेजारी सोडला. तो पातळ मधाच्या रंगाचा होता. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. गाडी त्यांनी मलकापूरच्या रस्त्यावर दोन मैल नेऊन आणली. सपाटीवर ती नीट चालली.

गुरुवारी सकाळी आठला आम्ही निघालो. रात्री मी तिथेच राहिलो होतो; मिस्त्री गाडी चालवत होते, मी त्यांच्या शेजारी. वहिनी मागे, दोन गाद्या टाकून. घाटाच्या तिसऱ्या वळणावर इंजिनाचा आवाज एकदम चढला आणि गाडी थांबली. मिस्त्रींनी अ‍ॅक्सिलरेटर पुन्हा दाबून पाहिला. आवाज वाढला, चाक फिरले नाही. त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

वर जाणारी सर्व्हिस मोटार निघून गेली होती. पुढची दुपारी होती. मागून वहिनी म्हणाल्या, "अवो, मी म्हनलं होतं ना, माह्यासाठी नवं काही करू नका." त्या हसल्याही. मग त्यांना कळ आली.

मिस्त्रींनी पलीकडे खडी फोडणाऱ्या मजुरांच्या मुकादमाची सायकल मागितली आणि घाट उतरले. जुने तेल उतरवलेला तुपाचा डबा छपराखाली तसाच होता. मी वहिनींचे डोके उशीवर धरून मागच्या सीटवर बसलो. गाडीला सावली नव्हती. त्या दोनदा पाणी मागून घोटभर प्याल्या. एकदा म्हणाल्या, "भाऊ, याह्यले रागावू नका." दहाच्या सुमारास त्यांनी बोलणे बंद केले, पण माझे बोट धरून ठेवले होते.

पावणेअकराला मिस्त्री सायकल ढकलत आले. कॅरिअरला तुपाचा डबा धोतराने बांधलेला होता. नवे तेल त्यांनी रस्त्यावर सोडून दिले आणि जुने भरले. इंजिन चालू झाले, गाडीने एक हिसका घेतला आणि चढू लागली.

"पकडलं!" मिस्त्री ओरडले. "पाह्यलं का भाऊ, पकडलं! मी म्हनत होतो ना? आता नाई थांबत ते! ऐकून राह्यली का वो? पोचलो आपन!"

शेवटून दुसऱ्या वळणावर माझ्या बोटावरची पकड सुटली. मी वहिनींचा हात हातात धरून ठेवला. मिस्त्री दवाखान्याच्या फाटकापर्यंत त्यांच्याशी बोलत होते.

त्या आठवड्याच्या अंकात मी चार ओळी दिल्या. मोटार घाटात नादुरुस्त झाल्याने रुग्ण स्त्रीला दवाखान्यात नेण्यास विलंब झाला व ती वाटेतच दगावली, असे त्यात होते. घाटात पर्यायी मोटारीची सोय असावी, अशी मागणीही होती. पंधरा दिवसांनी मिस्त्री तो अंक घेऊन बुलढाण्याला आमच्या कचेरीत आले. त्यांनी बातमीवर बोट ठेवले.

"हे चुकीचं छापलं, भाऊ. मोटार नादुरुस्त नोती. मी केली. तेवढं दुरुस्त करून छापा."

मी म्हणालो, डॉक्टरांनी सांगितले आहे की गाठ फुटली होती. लवकर आणले असते तरी खात्री नव्हती.

"डॉक्टराचं मी इचारत नाई. मोटारीचं इचारून राह्यलो."

बातमी जुनी झाली, आता दुरुस्ती छापता येत नाही, असे मी सांगितले. ते खरे नव्हते. "बरं. मंग राह्यलं," म्हणून त्यांनी अंकाची घडी केली आणि ते गेले.

त्यानंतर मिस्त्रींनी फडके मागणे सोडले. वहिनींनी फाडून ठेवलेल्या फडक्यांची चळत फळीवर तशीच राहिली. मालक सांगेल ते ते करत. बदला म्हटले की बदलत, नको म्हटले की राहू देत. शेटजींनी बिनक्लचची गाडी पुढे बरीच वर्षे वापरली. ती त्याच तेलावर चालली. पण ती छपराखाली आली की मिस्त्री विहिरीकडे निघून जात.

ते वारल्याचे मला उशिरा कळले. मी गेलो तेव्हा नवा भाडेकरू छप्पर उतरवत होता. तारेवरची फडकी त्याने एका खोक्यात कोंबली होती. त्यातले एक मी मागून घेतले. त्यावर दोन थेंबांचे डाग आहेत, एक काळा, एक मधाच्या रंगाचा. नंबर आणि महिना जिथे लिहीत, तिथे मोठ्या सुट्या अक्षरात एक ओळ आहे. तेव्हा छापायची राहिली, ती अशी:

"गाडी चांगली होती."