डावीकडचा स्पीकर

सातपूरच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन होतो. चारशे चाळीस व्होल्टच्या पॅनलमध्ये हात घालताना माझी छाती कधी धडधडली नाही, आणि याची मला चांगलीच घमेंड होती. घाबरणं म्हणजे काय, ते मला गेल्या वर्षी कळलं. आमच्या बैठकीच्या खोलीत, भर दुपारी, प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या माझ्या बायकोकडे बघताना. त्याआधीचे चार दिवस मी काय केलं ते सांगायला आजही जीभ रेटत नाही, पण सांगतो.

मुलीने पुण्याहून नवा टीव्ही पाठवला होता. चित्र सुरेख, पण आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. मी म्हटलं, माझा जुना स्टिरिओ रिसीव्हर जोडून टाकतो. रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच खोक्यात असलेला हा रिसीव्हर आणि त्याचे गुडघ्याएवढे दोन स्पीकर मी नोकरीत असताना हौसेने घेतले होते. निवृत्त झाल्यापासून बायकोने त्यावर विणलेला रुमाल घालून मनीप्लँटची बाटली ठेवली होती. बाटली उचलताना ती म्हणाली, "आता परत भिंती हलवणार का तुम्ही?"

"हलवणार," मी म्हटलं.

जोडणं सोपं नव्हतं. रिसीव्हरला मागे लाल-पांढरी भोकं, नव्या टीव्हीला ती नाहीतच. शेवटी महात्मा गांधी रोडवरून एक वायर आणली, जिचं एक टोक टीव्हीच्या हेडफोनच्या भोकात जातं आणि दुसरीकडे लाल-पांढऱ्या दोन पिना निघतात. जोडलं, रिसीव्हरचं बटण अर्ध्याच्या पुढे फिरवलं, तरी आवाज मुंगीएवढा. पूर्ण फिरवलं तर आवाजापेक्षा घरघरच जास्त. वायर बदलून पाहिली, पिना पुसल्या, टीव्हीच्या सेटिंगमध्ये तासभर डोकं घातलं. मग लक्षात आलं की या भोकातून बाहेर येणारा आवाज टीव्हीच्या स्वतःच्या व्हॉल्यूमवर चालतो आणि तो बारावरच अडकलाय. टाकीचा कॉक बंद ठेवायचा आणि मोरीतला नळ पिळत बसायचं, तसं माझं चाललं होतं. टीव्हीचा व्हॉल्यूम सत्तरवर नेला, रिसीव्हरचा खाली आणला, आणि खोली भरून गेली. बायको पोळ्या टाकून बाहेर आली, पदराला हात पुसत उभी राहिली आणि म्हणाली, "हां, आता माणसं बोलल्यासारखी वाटतात." मी दिवसभर मिशीत हसत होतो.

हे मुद्दाम सांगतोय, कारण त्या दिवशी तिला दोन्हीकडून ऐकू येत होतं.

दोन दिवसांनी सकाळी नाष्ट्याला टीव्ही लावला तर ती म्हणाली, "अहो, डावीकडून काही येतच नाय. आवाज पण लय बारीक झालाय."

मी कान दिला. मला दोन्हीकडून स्वच्छ येत होतं. तरी तक्रार ती तक्रार. मी डाव्या-उजव्याची अदलाबदल केली. आमच्या धंद्यातली ही पहिली पायरी. एका बाजूचं काढून दुसरीकडे लावायचं; दोष सोबत सरकला तर त्या वस्तूत बिघाड, जागेवरच राहिला तर बिघाड पुढे कुठेतरी. टीव्हीकडून येणाऱ्या लाल-पांढऱ्या पिना बदलल्या. "अजून डावीकडचाच." रिसीव्हरमागच्या स्पीकरच्या वायरी बदलल्या. "डावीकडचाच बंद आहे." शेवटी दोन्ही स्पीकर उचलून याचा तिकडे आणि त्याचा इकडे ठेवला. माझी कंबर धरली आणि ती म्हणाली, "नाही हो. डावीकडचाच."

सगळं बदलून झालं आणि दोष जागचा हलला नाही. स्पीकरच्या पुढे काय असतं, हे कारखान्यात नव्याने लागलेल्या पोरानेही सांगितलं असतं. मला ते दिसलं नाही. खरं सांगायचं तर मला बघायचंच नव्हतं, कारण मी वैतागलो होतो. माझ्या डोक्यात एकच, की हिला हे खोकं परत आणलेलं आवडलेलं नाही म्हणून ही खुसपटं काढतेय.

तिने आपणहून विचारलंही. "माझ्याच कानात काही झालं असेल का? सकाळी उठल्यापासून डाव्या कानात दडे बसल्यासारखं झालंय. आत शिट्टी वाजल्यासारखं पण होतंय."

"कानाला काय धाड भरलीय?" मी म्हटलं. "सर्दीने दडे बसतात. गरम तेल घाल."

आणि मग मी ते केलं. कारखान्यात आमची एक रीत होती. ऑपरेटर यायचा, म्हणायचा, मशीन आज बरोबर चालत नाही. आम्ही तपासायचो, सगळं ठीक असायचं. पण 'काही झालेलं नाही' असं सांगितलं की तो सुपरवायझरकडे जाणार. म्हणून आम्ही पॅनलचं दार उघडायचो, स्क्रूड्रायव्हर आत धरून दोन मिनिटं नुसते उभे राहायचो, दार धाडकन लावायचो आणि म्हणायचो, "बघ आता." तो मशीन चालवायचा आणि बहुतेक वेळा म्हणायचा, "हां, आता जमलं." त्याच्या पाठीमागे आम्ही चहा पिताना पोट धरून हसायचो.

मी रिसीव्हरचं झाकण उघडलं, आत स्क्रूड्रायव्हर धरला, कशालाही न लावता जरा हलवला, झाकण बसवलं आणि बायकोला म्हटलं, "बघ आता."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हां. आता येतोय."

मला इतकं बरं वाटलं. झालं, हिच्या मनाचेच खेळ होते. त्यानंतरचा दिवस आणि त्याच्या पुढचाही तिने तक्रार केली नाही. दुपारी वाटीत तेल कोमट करून कानात घालायची आणि कापूस लावून आडवी व्हायची. पोरीचा फोन आला की पूर्वी ती डाव्या खांद्याने कानाशी धरून भाजी ढवळायची, आता गॅस बारीक करून उजव्या हातात धरायला लागली होती. हे मी बघितलं होतं. बघितलं आणि सोडून दिलं.

चौथ्या दिवशी दुपारी मी भाजी घेऊन आलो तर ती टीव्हीसमोर तिरकी बसलेली. खुर्ची अशी फिरवलेली की उजवा खांदा टीव्हीकडे. मी तिच्या डाव्या बाजूने आत आलो, म्हटलं, "अशी काय बसलीस?" तिने उत्तर दिलं नाही. मी अगदी हातभर अंतरावर होतो. परत म्हटलं. ती तशीच टीव्ही बघत राहिली. पिशवी खाली ठेवली तेव्हा माझी सावली दिसून ती दचकली आणि म्हणाली, "आलात होय?"

त्या घटकेला चार दिवसांतली एकेक गोष्ट डोळ्यांपुढे आली. पिना बदलल्या होत्या, वायरी बदलल्या होत्या, स्पीकर बदलले होते. एकच गोष्ट मी फिरवून पाहिली नव्हती.

"जरा ऊठ," मी म्हटलं. खुर्ची पूर्ण फिरवली. "आता टीव्हीकडे पाठ करून बस."

"काय चेष्टा लावलीय?" ती हसली, पण बसली.

"आता सांग, कुठला बंद आहे?"

तिने डोळे मिटले. नीट ऐकलं. मग डावा हात उचलून त्या बाजूच्या स्पीकरकडे दाखवला. आत्तापर्यंत जो तिच्या मते चालू होता, तो. "आता हा बंद पडला," ती म्हणाली, "पण तो मघाचा चालू झाला बघा. केलात ना नीट?"

तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, माझा चेहरा पाहिला, आणि तिचं हसू गेलं. दोन्ही स्पीकर वाजत होते आणि मला ते बंद करायचंही सुचत नव्हतं. ती हळूच म्हणाली, "म्हणजे कानच आहे."

मी घाबरलो होतो, जन्मात कधी घाबरलो नव्हतो इतका. कॉलेज रोडवर कान-नाक-घशाच्या डॉक्टर बसतात तिथे जाईपर्यंत स्कूटरवर मी बडबडत होतो, की मळ असेल, तेल गोठलं असेल, असं होतं कधीकधी. ती मागे गप्प होती. ऐकू येत नव्हतं म्हणून गप्प होती की घाबरून, हे मला कळत नव्हतं आणि मागे वळून बघायची माझी हिंमत नव्हती.

डॉक्टर मॅडमनी कानात बॅटरी मारून पाहिली. मळ नव्हता. मग दोन टोकांचा, आपटला की घुमणारा एक चिमटा तिच्या कपाळावर टेकवला आणि विचारलं, आवाज कुठे येतो? ती म्हणाली, उजवीकडे. मॅडमचा चेहरा बदलला. तिला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं, दाबलं की बाहेरच्या यंत्रावर दिवा लागणार. मी काचेबाहेर उभा होतो. उजव्या कानाला दिवा पटापट लागला. डाव्याला यंत्रावरची बाई आवाज वाढवत गेली, वाढवत गेली, आणि माझ्या बायकोचा अंगठा बटणावर तसाच. ती समोर बघत होती, शाळेत उत्तर न येणाऱ्या पोरीसारखी. जन्मभर मी दिवे लागायची वाट पाहिली, पण अशी नाही.

"कानाची नस आहे," मॅडम म्हणाल्या. "कधी कधी अचानक जाते, कारण सापडत नाही. लगेच औषध सुरू केलं तर परत यायची आशा जास्त असते. किती दिवस झाले?"

"आज चौथा," बायको म्हणाली.

"चार दिवस? पहिल्याच दिवशी का नाही आलात?"

मी तोंड उघडलं. माझ्याआधी ती म्हणाली, "मला वाटलं, टीव्हीच नीट लागला नाही."

मॅडमनी मान हलवली आणि स्टेरॉइडच्या गोळ्या लिहायला घेतल्या. मी तोंड मिटलं. माझ्या जागी ती खोटं बोलली आणि मी ते चालवून घेतलं.

मॅडमनी दोन आठवड्यांनी परत तपासायचं सांगितलं होतं. ते दोन आठवडे माझ्या जिवाला घोर लागला. मी तिच्या डाव्या बाजूने जायचो आणि हळूच काहीतरी बोलून बघायचो. चमचा वाजवायचो. एकदा तिने पातेलं आपटलं. "माझी परीक्षा घेऊ नका सारखी. ऐकू आलं तर मीच सांगेन ना?" मग खाली बसली आणि भीतीने एवढासा आवाज करून म्हणाली, "उजव्याला नाय ना होणार असं?"

मॅडम म्हणाल्या होत्या, सहसा नाही होत. मी तिला तेच सांगितलं. त्यातला 'सहसा' मी गाळला. माझ्या झोपेतून मात्र तो काही गळेना.

एका सकाळी गोळी देताना मी विचारलंच, त्या दिवशी 'आता येतोय' का म्हणालीस? तिने गोळी गिळली, पाणी प्यायली. "तुम्ही एवढी उचल-ठेव केली होती. कंबर धरून उभे होतात. नाही कसं म्हणू?" इतकंच. कारखान्यातले ते सगळे ऑपरेटर माझ्यापुढे उभे राहिले. 'आता जमलं' म्हणणारे. त्यांतल्या किती जणांनी माझी कीव केली असेल, कोण जाणे.

दुसऱ्या तपासणीला मी परत काचेबाहेर उभा. डाव्या कानाची पाळी आली. आधी काहीच नाही. मग दिवा लागला. मग परत लागला. मी काच इतकी घट्ट धरली की यंत्रावरच्या बाईने हात काढायला सांगितलं. जाड आवाजांना दिवा लागत होता. बारीक, शिट्टीसारख्या आवाजांना लागला नाही, शेवटपर्यंत नाही.

"निम्मं परत आलंय," मॅडम म्हणाल्या. "अजून थोडं येईलही. पण बाकीचं येईल असं मी सांगणार नाही."

बाहेर पार्किंगमध्ये ऊन चटकत होतं. ती माझ्या उजव्या हाताला चालत होती, म्हणजे तिचा डावा कान माझ्याकडे. मला जे बोलायचं होतं ते या बाजूने सांगितलं असतं, तर ते अर्धंच पोचलं असतं, आणि मला तसं चाललंही असतं. हे माझ्या ध्यानात आलं आणि माझी मलाच लाज वाटली. मी थांबलो, मागून फिरून तिच्या उजव्या बाजूला गेलो.

"तू सांगितलं होतंस," मी म्हटलं. "पहिल्याच सकाळी. कानच असेल म्हणून."

ती स्कूटरपाशी थांबली. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, म्हणेल, जाऊ द्या. इतक्या वर्षांत प्रत्येक वेळी तिने तेच म्हटलं होतं.

"हो," ती म्हणाली. "सांगितलं होतं."

मग ती मागे बसली आणि मी स्कूटर सुरू केली.