मॉक ड्रिल तर दुपारी होतं!

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. "कोणी सांगितलं म्हणून मानू नको, पडताळून बघ," हे माझ्या वडिलांचं पहिल्यापासूनचं बोलणं. खडी फोडून त्यांनी मला बीएस्सी नर्सिंग केलं. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. तरीही हे लिहितेय...

उमरग्याजवळ हायवेला आमचं मोठं हॉस्पिटल आहे. त्या दिवशी दुपारी मॉक ड्रिल होतं — मोठा अपघात झाला तर कोणी काय करायचं, याची तालीम. खोटे जखमी म्हणून गावातली माणसं येणार होती. रक्तासाठी आम्ही कुंकवाचं पाणी कालवून ठेवलेलं.

सकाळीच स्पीकरवर बाईचा आवाज आला — "लई माणसं येऊ लागलीत गं! गाद्या टाका, दारात थांबा!"

"दुपारचं ड्रिल आत्ताच?" कुरकुरत सगळे स्ट्रेचर घेऊन दारात. डॉक्टरांनी ऑपरेशन थिएटरही तयार ठेवलं. तेवढ्यात माणसांनी भरलेला पिकअप येऊन थांबला.

माझी मैत्रीण शाहीन एका म्हाताऱ्याच्या कपाळावर कापूस दाबत हसली, "मामा, लई भारी ॲक्टिंग करायलाव की!"

"कशाची ॲक्टिंग माय? तुळजापूरला निघालो होतो, जीप उलटली आमची. ह्या पिकअपवाल्यानं उचलून आणलं. मला सोड, सुनेला बघ. दिवस भरलेत तिचे..."

माझ्या हाताला लागलेलं ते कुंकू नव्हतं. कोमट होतं.

सून पांढरीफटक पडली होती. आम्ही तिला तशीच थिएटरमध्ये पळवली. डॉक्टर नंतर म्हणाले, थोडा जरी उशीर झाला असता तरी दोन्ही जीव गेले असते.

आणि मग आतून बाळाचं रडणं ऐकू आलं! मुलगी! सून शुद्धीवर आली, बाकीचेही सगळे वाचले. डोक्याला पट्टी बांधलेल्या मामांनी तिथंच पेढे मागवले. दुपारी खोटे जखमी आले — ते पेढे खाऊन परत गेले.

डॉक्टर अनाउन्समेंटचं कौतुक करायला रिसेप्शनवर गेले, तर तिथला क्लार्क गोंधळला. "कसली अनाउन्समेंट सर? स्पीकरचं मशिन तर कालच सोलापूरला गेलंय दुरुस्तीला." टेबलावर नुसती वायर लोंबत होती.

मी पडताळलं. एकेकाला विचारलं. आवाज ऐकला सगळ्यांनी, ओळखला कोणीच नाही. शेवटी वडिलांना सांगितलं.

"सगळं बघून झालं?"

"झालं, आप्पा."

"मग माहीत न्हाय म्हणायचं. त्यात काय लाज?"

म्हणून म्हणते — मला अजूनही माहीत नाही. परवा मामा वर्षाच्या झालेल्या नातीला घेऊन आले होते. शाहीनला बघताच दारातूनच ओरडले, "आज खरंच ॲक्टिंग हाय बरं का, माय!" आणि लंगडत आत आले. पोरगी खदखदून हसत होती.