थोरलीने पाठवलेलं तिकीट

माझी धाकटी आत्या केस कापते, रंगवते, केसांचे टोप बसवते. दुकान एवढंसं, दोन खुर्च्यांचं. पण गिऱ्हाइकाच्या डोक्याची गोष्ट उंबऱ्याबाहेर जात नाही. राग मात्र ती मुरत घालते.

थोरल्या आत्यावरचा राग तर वीसेक वर्षं मुरलेला. थोरली परदेशात असते. तिने बाळंतपणाला म्हणून हिला बोलावून घेतलं आणि वर्षभर राबवलं. त्यातच इकडे आजी गेली. बाबांनी फोन केला, तो थोरलीने उचलला. "मी सांगते तिला," म्हणाली. पण बाळाचा पहिला वाढदिवस तोंडावर आलेला, पाहुणे येणार, मग कामाला कोण? आत्या विचारायची, "आईची तब्येत कशी आहे?" थोरली म्हणायची, "बरी आहे गं." वाढदिवसाची भांडी घासून झाल्यावर तिने खरं सांगितलं. तोवर इकडे सगळं आटोपलं होतं. आत्याला आईचं शेवटचं तोंडही दिसलं नाही. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. परतल्यावर आत्याने पुन्हा विमानाचं नाव काढलं नाही.

गेल्या वर्षी त्याच बाळाचं लग्न ठरलं आणि थोरलीने आत्याला तिकीट पाठवलं. सोबत म्हणून मलाही. आत्या चक्क हो म्हणाली. बहिणी एक होणार म्हणून बाबा खूश. बाबा भोळे आहेत.

"तिच्या तोंडून एकदा 'चुकलं' असं ऐकायचंय," आत्या मला विमानात म्हणाली. "नाही म्हणाली तर मग मी आहे आणि ती आहे."

थोरली आमच्या गळ्यात पडली, रडलीसुद्धा. मला क्षणभर खरंच वाटलं. लग्नाच्या सकाळी तिने आम्हा दोघींना आतल्या खोलीत ओढलं, कडी लावली आणि डोक्यावरचे केस उचलून टेबलावर ठेवले. खाली जवळजवळ टक्कल.

"एरवी मीच कसाबसा चढवते, पण आज फोटोत नीट दिसायला हवा. इथल्या बायकांना सांगितलं तर गावभर करतील," ती म्हणाली. "तू घरची. तुझं तोंड बंद असतं."

म्हणजे तिकीट यासाठी होतं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्या शांतपणे टोप विंचरू लागली.

"ताई, आई गेली ते माझ्यापासून का लपवलंस?"

"आज काय हे? लोक खोळंबलेत."

"एवढं सांग. मग बसवते."

थोरली आरशातूनच बोलली, "सांगितलं असतं तर आई परत आली असती का? मी केलं ते बरोबरच केलं. चल, हात चालव."

आत्याने टोप कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला आणि ती बाहेर निघाली. मी मागोमाग. थोरलीला रुमाल बांधून येता आलं असतं. पण लोकांनी विचारलं तर? आमच्यामागे आतून पुन्हा कडी लागली.

बाहेर हॉलमध्ये लग्न लावणारे अधिकारी कागद मांडून बसले होते. थोरलीचे यजमान दोनदा दार वाजवून आले. "उरकून घ्या म्हणते," ते कसंबसं हसत म्हणाले. नवरी सारखी रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. मला तिची दया आली. तिच्या आईची अजिबात नाही. आत्या पर्स मांडीवर घेऊन ताठ बसली होती. सह्या झाल्या, टाळ्या झाल्या. आत्यानेही वाजवल्या.

मग तिने जाऊन दारावर टकटक केली. "मी आहे."

थोरली डोक्याला टॉवेल गुंडाळून पलंगावर बसली होती. डोळे सुजलेले. "माझ्या एकुलत्या एका पोरीचं लग्न," ती म्हणाली, "आणि मी इथे. झालं समाधान?"

आत्याने टोप तिच्या मांडीवर ठेवला.

"नाही झालं," ती म्हणाली. "तुझी पोर अजून बाहेर उभी आहे. जा, बघ तिला. मला तेवढं तरी कुठे मिळालं?"