राजाच्या खांद्यातला बाण

नव्वदच्या सुमारास आम्ही परळहून मीरा रोडला, सिल्व्हर पार्कमध्ये राहायला आलो. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय इतिहास. समोरच्या मावशी मूळच्या मराठवाड्यातल्या, काशीगावच्या एका दवाखान्यात नर्स होत्या. रविवारी दुपारी डाळ निवडायला आमच्याकडे येऊन बसायच्या.

अशाच एका रविवारी मी मोठ्याने वाचत होते. आठशे वर्षांपूर्वीचा इंग्लंडचा राजा. फ्रान्समधल्या एका किरकोळ किल्ल्याला वेढा घातलेला असताना त्याच्या खांद्यात बाण घुसला आणि दहा-बारा दिवसांत तो गेला. मूलबाळ नव्हतं, म्हणून धाकटा भाऊ गादीवर आला. त्याने फ्रान्सकडचा मुलुख घालवला, आणि चिडलेल्या सरदारांनी त्याच्याकडून हक्कांची सनद लिहून घेतली.

"खांद्यात लागलं म्हणून कुणी मरत नाही," मावशी म्हणाल्या. "बाण काढला कसा?"

"घाईघाईत. मांस फाडून."

"मग जखम सडली असणार. नीट काढून, रोज धुऊन बांधली असती तर वाचलाही असता."

मला एकदम बसवेना. "म्हणजे भाऊ राजा झालाच नसता. आणि सनदही नाही."

बाबांनी पेपर खाली ठेवला. "कधीतरी मरणारच ना तो? पुतण्या वगैरे नव्हता का?"

"होता. मधल्या भावाचा मुलगा, बारा वर्षांचा."

"मग झालं. राजाला अजून दहा वर्षं दे. पुतण्या बावीसचा होतोय, गादी त्याची." बाबा जुन्या कॅलेंडरच्या मागे वंशावळ काढायला लागले. मी त्यांच्या हातातली पेन्सिल घेतली आणि राजाखाली एक मुलगा काढला. एवढी वर्षं मिळाली तर स्वतःचा वारस होणार नाही?

"राणी कुठं होती?" मावशींनी विचारलं.

मी पानं उलटली. लग्नाला आठ वर्षं झालेली, पण बराच काळ दोघं वेगळेच.

"मग त्याला बरं करून मी काय करू? आधी घरी पाठवायला पाहिजे."

बाबा इतके हसले की आई स्वयंपाकघरातून बघायला आली.

सोमवारी मी हे सगळं वर्गात मांडलं. सर म्हणाले, "इतिहासात जर-तरला जागा नाही." मी खाली बसले. सरांनी खडू उचलला, ठेवला, आणि मग विचारलं, "पण पुतण्याला सरदारांनी मानलं असतं का?"

अर्धा वर्ग एकदम बोलायला लागला. घंटा झाल्यावरही कुणी उठलं नाही.