रेकॉर्डिंगला ती नाही म्हणाली नव्हती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आणि मी समुपदेशक — लोकांना मन मोकळं करा म्हणून सांगणारी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय?

कर्वेनगरला आमचं छोटंसं केंद्र आहे. तिथे एआय आलं तेव्हा सगळ्यांत जास्त नाक मीच मुरडलं. समोरच्याची परवानगी घेऊन सत्र रेकॉर्ड करायचं, मग ते ऐकून यंत्र आम्हाला सांगणार — इथे तुम्ही फार बोललात, इथे घाईने सल्ला दिलात. केस पिकल्यावर आता हे शिकवणार? पण माझे पहिले अहवाल चांगले आले. मग काय, यंत्र मला एकदम हुशार वाटायला लागलं.

तेव्हा माझ्याकडे खडकीची एक मुलगी यायची. बौद्ध घरातली. वडील दारूगोळा कारखान्यात, ही हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. रेकॉर्डिंगचं विचारलं, तर लगेच म्हणाली, "करा ना मॅडम. तुम्हाला उपयोग होणार असेल तर चांगलंच आहे."

तिच्या सत्रांचा अहवाल आला आणि मी गार पडले. आडनाव कळल्यावर टीममधले कसे बदलले, जेवताना आरक्षणावरून विनोद कसे होतात — हे ती सांगू लागली, की दर वेळी मी विषय बदललेला. झोप कशी आहे? व्यायाम करतेस का? आणि आवाज किती मऊ माझा! आमच्या घरी जातीबद्दल कुणी बोलत नसे. तो मी आमचा चांगुलपणा समजत आले होते. यंत्राने टोमणा मारला नाही. नुसती तिची वाक्यं मांडली आणि त्यांच्याखाली माझी.

मग मी काय केलं? अहवाल पुसून टाकला. वरिष्ठ बाईंना सांगितलं, ती आता रेकॉर्डिंगला नको म्हणतेय. त्या म्हणाल्या, "अहो, असतात असे काही. विश्वासच नसतो त्यांचा." मी मान डोलावली — हो, डोलावली. तिला सांगितलं, यंत्र बिघडलंय. तिला ते खरं वाटलं.

निदान त्यानंतर तरी मी तिला ऑफिसबद्दल विचारलं असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही विचारलं. ती झोपेबद्दल बोलत राहिली, मी ऐकत राहिले. हळूहळू तिचं येणं बंद झालं.

मला हायसं वाटलं.