लंडनला सोडलेलं संत्रं

दामूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पनवेलच्या बाजारात फळवाल्याशी हुज्जत घालत होते. "कुठली रे ही संत्री?" असं विचारल्याशिवाय फळ घ्यायचं नाही, ही सवय मामानेच लावलेली. हातातलं तिथेच टाकून मामाच्या गावी, कोनला धावले... त्र्याऐंशी वर्षांचा माणूस, दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. रडले खूप, पण असं मरण मागूनही मिळत नाही हो!

मामा परदेशी जहाजांवर स्वयंपाकी होता. तरुणपणी जहाज लंडनला लागलं असताना एका दुकानाबाहेर माणसं फलक घेऊन उभी होती. त्यातली एक बाई दक्षिण आफ्रिकेतून परागंदा झालेली. तिकडे काळ्यांना बसायला बाकसुद्धा वेगळं, मत तर नाहीच. आम्ही सुटेपर्यंत तिथली संत्री घेऊ नका, एवढंच ती सांगत होती. संत्रं म्हणजे मामाचा जीव की प्राण, आणि हातात भरलेली पिशवी! त्याने ती दुकानात परत केली. पुढे जहाजावर येऊन, आजीने काशीला सीताफळ सोडलं होतं तसं, तळहातावर पाणी घेऊन संत्रंच सोडलं. तिथलंच नव्हे, नागपूरचंसुद्धा! अहो, असं तिने कुठे सांगितलं होतं? पण आमच्यात फळ सोडायचं म्हणजे असंच सोडतात, याला दुसरी रीत ठाऊकच नव्हती. पुढे कित्येक वर्षं घरात संत्री सोलली की मामा ओटीवर जाऊन बसायचा. वास मात्र घ्यायचा, लबाड.

"तुझ्या एकट्याच्या संत्र्याने तिकडचं सरकार पडणार आहे का?" मी एकदा चिडवलं.

"तिनं काय मला एकट्यालाच इचारलेलं?" मामा म्हणाला. "शबुद दिलाय मी. बाकीच्यांनी पाललाच असंल, मीच कसा मोडू?"

मग एकदा टीव्हीवर तिथल्या मतदानाच्या लांबच लांब रांगा दिसल्या. म्हाताऱ्या बायका काठी टेकत उभ्या होत्या. मामा त्यांच्यात तिला शोधत होता, वेडा! मग उठला आणि डझनभर संत्री घेऊन आला. मामी आडवी आली. "सोडलेला फळ परत खातात का? पाप लागंल!"

"देवाला सोडला असता तं गोष्ट येगली," मामा म्हणाला. "मी मानसांसाठी सोडलेला. ती सुटली."

पहिली फोड त्याने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, तिची म्हणून. दुसरी तोंडात टाकली आणि डोळे पुसत हसला. त्यानंतर प्रत्येक संत्र्याची पहिली फोड कट्ट्यावर, आणि मामीची रोजची कटकट, "मुंग्या व्हतात वो!"

गेल्या आठवड्यात संत्री घेऊन मामीकडे गेले. तिने एक हातात घेतलं.

"कुठली गं?"

"आफ्रिकेची."

मामी खिडकीजवळ बसून सावकाश सोलत राहिली. पहिली फोड तिने कट्ट्यावर ठेवली. शेजारी अजून एक ठेवली.

"मामी, मुंग्या होतील..."

"व्हवदे," ती म्हणाली, आणि उरलेलं संत्रं माझ्या हातात दिलं.