अस्सल पर्समधली कोथिंबीर

काल मंडईत बायकोच्या पर्समधून कोथिंबिरीची ओली जुडी डोकावत होती, आणि माझा जीव खालीवर होत होता. कारण ती पर्स अस्सल होती. याआधी ‘अगदी ओरिजिनल’ म्हणून मी आणलेल्या दोन्ही पर्सचे बंद महिन्याभरात तुटले होते. म्हणून या खेपेला थेट कंपनीच्या दुकानात गेलो, भिंग लावून टाके तपासले, पक्कं बिल घेतलं.

घरी पर्स पाहताच हिनं निकाल दिला, “पुन्हा फसलात ना? असू दे, भाजीला होईल.”

बिल खिशातून काढणार, तेवढ्यात कपाट आठवलं. आमच्याकडे खरी वस्तू जुन्या सुती साडीत गुंडाळली जाते आणि लग्नकार्याखेरीज उजेड पाहत नाही. ऊन, बाजार, गप्पा हे सगळं खोट्याच्या वाट्याला! मी बिल खिशातच राहू दिलं.

“पर्स झकास आहे हो ताई,” काल मंडईत भाजीवाल्या मावशी म्हणाल्या.

“डुप्लिकेट आहे,” ही ऐटीत म्हणाली, “पण आमच्या ह्यांची ही एक फसगत मात्र छान टिकलीय!”

मी मान डोलावली आणि मेथीची जुडीही तिच्यात कोंबली.